एकनाथरावांचे चार डेसिबल

विमलबाईंनी चिन्मयच्या ताटात तिसरं थालीपीठ टाकलं तेव्हा एकनाथराव देगलूरकरांचं पहिलं अजून तव्यावरच होतं.

"पोटभर खा रे लेकरा. दिवसभर मशिनीपाशी बसायचं असतंय," विमलबाई म्हणाल्या.

आता मशिनीपाशी एकनाथरावही बसत. बावीस वर्षं बसत होते. पण बावीस वर्षांत हे वाक्य बाईंच्या तोंडून त्यांच्यासाठी एकदाही निघालं नव्हतं. त्यांच्या मशिनीला बाई 'माझी सवत' म्हणत, आणि तेसुद्धा कौतुकानं नव्हे. एकनाथरावांनी रिकाम्या ताटाकडं पाहिलं, मग चिन्मयच्या भरल्या ताटाकडं पाहिलं आणि चहाचा घोट घेतला. चहा निवला होता.

चिन्मय आपटे हा पुण्याचा इंजिनियर मुलगा. चार महिन्यांपूर्वी हैद्राबादला एकनाथरावांच्या केंद्रात रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. जामबागेतल्या आपल्या घराची वरची खोली रिकामीच आहे, असं त्याला सांगणारे खुद्द एकनाथरावच. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पोरगं निर्व्यसनी होतं, नम्र होतं, ताटात वाढलेलं संपवायचं आणि वर "काकू, झकास" म्हणायचं. एवढे गुण एका माणसात असू नयेत असं एकनाथरावांचं मत होतं.

केंद्र म्हणजे सनतनगरच्या बाजूचं एक लहानसं सरकारी तपासणी केंद्र. मिक्सर लावला की शेजारच्या रेडिओत खरखर येते ना, ती किती येते हे तिथं मोजत. मिक्सर, ड्रिल, ट्यूबलाइटचे चोक, काय वाटेल ते येई. खरखर मर्यादेत असली तर कारखानदाराला सर्टिफिकेट, नसली तर माल परत. दुधाला लिटर तसं खरखरीला डेसिबल. ती मोजायचा सेट जर्मन बनावटीचा होता, एकोणसाठ सालचा, व्हॉल्ववर चालणारा, आणि दोन माणसांशिवाय न हलणारा. ऑफिसात त्याला सगळे 'बुढ्ढी' म्हणत. एकनाथराव फक्त 'सेट' म्हणत, पण असं म्हणत की ऐकणाऱ्याला घरातल्या माणसाचं नाव घेतल्यासारखं वाटावं.

रोज सकाळी ते साडेआठला येऊन सेट सुरू करत आणि तासभर तापू देत. मग एक बटण दाबत. त्यानं आतला एक खास व्हॉल्व ठरलेली, मोजून-मापून दिलेली खरखर करायचा. त्या वेळी सुई डायलवरच्या लाल खुणेवर यायला हवी. नाही आली तर सेटच्या मागं, भिंतीच्या बाजूला, एक स्क्रू होता. तो फिरवून सुई खुणेवर आणायची. याला कॅलिब्रेशन म्हणतात. एकनाथरावांना हे त्यांच्या आधी सेट सांभाळणाऱ्या केशवरावांनी शिकवलं होतं आणि एका वाक्यात शिकवलं होतं, "सुई लाल खुणेवर आण, बाकी सेट बघून घेईल." सेटबरोबर आलेलं पुस्तक जर्मन भाषेत असल्यामुळं ते बावीस वर्षं कपाटात विश्रांती घेत होतं. मागचा स्क्रू तर एकनाथराव न बघता, नुसता हात मागं घालून फिरवत. दसऱ्याच्या आयुधपूजेला सेटला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि नारळ होई, तो मानही त्यांचाच होता.

आणि एकनाथरावांचा दरारा असा, की त्यांच्या हातून पास झालेला मिक्सर म्हणजे खाष्ट सासूच्या हातून पास झालेली पुरणपोळी. कारखानदार त्यांना 'कडक साब' म्हणत. दहांतले चार मिक्सर ते परत पाठवत. परत गेलेले लोक शिव्या देत, पण पुढच्या वेळी चांगला माल आणत. मिक्सरवाले आपल्याला घाबरतात, या एका गोष्टीवर एकनाथरावांचं आयुष्य सुखात चाललं होतं.

मग नव्वदनंतर देशाची दारं उघडली. घरोघरी केबल आली, दुकानांत परदेशी माल आला आणि केंद्रात परदेशी सेट आला. सुई नाही, व्हॉल्व नाही, नुसते हिरवे आकडे. त्याच्यासाठी वेगळी खोली केली, खोलीला एसी बसवला आणि दाराबाहेर बूट काढायची पाटी लावली. एकनाथरावांच्या सेटला एक पंखा होता आणि तो खरखर करायचा. नवा सेट कोणाच्या ताब्यात दिला असेल हे सांगायला नको. चिन्मयनं चार महिन्यांत घरातली थालीपिठं घेतली, ऑफिसातला एसी घेतला, आता राहिलं काय, असं एकनाथराव मनात म्हणत होते. राहिलं होतं ते त्याच दिवशी, सोमवारी, कळलं.

संचालक लक्ष्मणरावांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. लक्ष्मणराव हैद्राबादच्या जुन्या घराण्यातले, वाईट बातमीसुद्धा पानदान पुढं केल्यासारखी देत.

"देगलूरकर, पुढच्या गुरुवारी दिल्लीहून कमिटी येतेय. म्हणतात, एका केंद्रात दोन सेट कशाला? एकच मिक्सर दोन्हीवर लावतील. जुना सेट नव्याशी दोन डेसिबलच्या आत जुळला तर राहील."

"आणि नाही जुळला तर?"

"तर कंडम. मग लिलाव. माझ्या हातात काही नाही बघा."

एकनाथराव बाहेर आले तर व्हरांड्यात स्टोअरकीपर ख्वाजा मियाँ उभे होते. केंद्रातली बातमी केबिनमधून निघायच्या आधी त्यांच्यापर्यंत पोचायची.

"क्या साब, बुढ्ढी की बिदाई है बोलते. कबाडी पूछ रा था, मैं बोला गुरुवार के बाद आजा."

"कबाडी को बोलो, पहले मेरे को उठाना पडता."

"तुमना कौन लेता साब," ख्वाजा मियाँ हळहळून म्हणाले, "तुम में तांबा भी नै."

दुसऱ्या दिवशी एकनाथरावांनी खाजगी चाचणी घ्यायची ठरवलं. त्यासाठी घरचा मिक्सर पिशवीत घालून नेला. विमलबाईंना "दुरुस्तीला" असं सांगितलं. आपल्या सेटवर लावला, अठ्ठावन्न डेसिबल. मग बूट काढून, एसीच्या खोलीत जाऊन, "सहज म्हणून" नव्या सेटवर लावायला सांगितलं. चिन्मयनं लावला. हिरवे आकडे चोपन्नवर थांबले.

"चारचा फरक दिसतोय काका," चिन्मय म्हणाला.

"तुझा सेट चार कमी दाखवतोय. सांगून ठेव कंपनीला."

"ॲक्च्युअली, हा गेल्याच महिन्यात तपासून आलाय."

"तपासणाऱ्यालाही तपासावं लागतं रे," असं म्हणून एकनाथरावांनी बूट घातले. पण बाहेर आल्यावर त्यांना लक्ष्मणरावांचे दोन डेसिबल आठवले. कमिटी काही परदेशी सेटला खोटं म्हणणार नव्हती.

खरी गंमत बुधवारी सकाळी सुरू झाली. गंमत आपल्याला, त्यांना नव्हे. एकनाथरावांनी सेट तापवला, बटण दाबलं, आणि सुई लाल खुणेच्या चार घरं खाली येऊन थांबली. बावीस वर्षांत सुई अर्ध्या घराच्या वर कधी सरकली नव्हती. त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा बटण दाबलं. सुई तिथंच. त्यांनी हात मागं घालून स्क्रू फिरवला. तो जरा जड गेला. सुई लाल खुणेवर आणली आणि कुणाला काही बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी सुई पुन्हा चार घरं खाली. शुक्रवारी पुन्हा.

घरात म्हातारं माणूस आजारी पडलं की जे होतं ते सगळं झालं. एकनाथराव कोठी बाजारातल्या एका जुन्या रेडिओवाल्याकडं गेले, दोन तास खोकी उपसून व्हॉल्व शोधून आणला, तो बदलला. तरी सुई खाली. कंडेन्सर बदलला, तरी खाली. पंख्याची हवा लागते म्हणून पंखा बंद केला आणि बनियनवर बसले, तरी खाली. स्क्रू गंजला असेल म्हणून आत शिलाई मशीनचं तेल सोडलं, तर सुई खाली ती खालीच, फक्त शर्टाच्या बाहीला डाग पडला. सोमवारी लिंबू-मिरची बांधली. मंगळवारी ती ख्वाजा मियाँनी स्टोअरच्या नोंदीत नसलेली वस्तू म्हणून काढून नेली.

या सगळ्यात घरी वेगळंच पेटलं होतं. मिक्सर दुरुस्तीहून येत नव्हता आणि विमलबाई खलबत्त्यात चटणी कुटत होत्या. त्या ठोक्यांच्या तालावर एके दिवशी जेवताना एकनाथरावांनी चिन्मयला हलकेच खडा मारून पाहिला.

"काय रे, तुमच्या पुस्तकांत काही लिहिलंय का? म्हणजे एखादं यंत्र संध्याकाळी बरं असतं आणि सकाळी बिघडतं, असं?"

चिन्मयचा घास हातातच राहिला. "सकाळी बिघडतं? मला वाटत होतं सकाळी बरं असतं आणि संध्याकाळी बिघडतं."

"कुठलं यंत्र?"

"नाही, असंच. तुमचं कुठलं?"

"मीही असंच. माझा सेट एकदम ठणठणीत आहे."

"माझाही," चिन्मय म्हणाला, आणि दोघं मान खाली घालून भात कालवू लागले. विमलबाईंनी चिन्मयच्या भातावर तूप वाढलं. मग आठवण झाल्यावर एकनाथरावांच्याही वाढलं.

बुधवारी, म्हणजे कमिटी यायच्या आदल्या दिवशी, एकनाथरावांनी मनाचा हिय्या केला आणि सेट भिंतीपासून पुढं ओढायचं ठरवलं. ख्वाजा मियाँनी एका बाजूनं हात लावला. किती वर्षांनी कोण जाणे, सेटची पाठ उजेडात आली. एकनाथरावांनी खाली वाकून स्क्रूकडं पाहिलं आणि तसेच वाकलेले राहिले.

स्क्रूभोवती गुलाबी रंगाचे थर होते. एकावर एक, फुटलेले, पुन्हा लावलेले, वर तेलानं चमकणारे. फिरवलेला स्क्रू हलू नये म्हणून त्यावर रंगाचा थेंब टाकतात, ही रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी स्वतः ती कधी पाळली नव्हती. ज्या घरात दुसरा माणूसच येत नाही तिथं कुलूप कशाला? आणि हा रंगसुद्धा साधा नव्हता. ती नेलपॉलिश होती, आणि ती गुलाबी छटा एकनाथरावांनी आपल्याच घरात, लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या, गौरीच्या आरशापाशी पाहिली होती.

संध्याकाळी त्यांनी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "गौरीची नेलपॉलिशची बाटली कुठं आहे?"

"चिन्मयला दिली की. आठ दिवस झाले," विमलबाई म्हणाल्या. "म्हणाला, काकू, एका स्क्रूला लावायला थेंबभर पाहिजे. मी म्हटलं, बाटलीच ने. तुम्हाला कशाला पाहिजे? नखं रंगवायची आहेत का?"

एकनाथरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते पाचला बसनं निघत आणि हा शहाणा स्कूटर असल्यामुळं सहापर्यंत थांबे. म्हणजे रोज आपली पाठ वळली की हा आत शिरतो, आपल्या सेटची सुई चार घरं खाली ओढतो आणि वर आपल्याच लेकीच्या नेलपॉलिशनं मोहोर मारतो. सेट बिघडलेला दिसावा आणि लिलावात जावा म्हणून. त्यासाठी बाटली कुणी पुरवली, तर आपल्या बायकोनं. एसी घेतला, थालीपिठं घेतली, आता त्याला हेसुद्धा पाहिजे. त्या दिवशी ते जेवले नाहीत. विमलबाईंनी त्यांच्या वाटणीची पोळी चिन्मयला वाढली, हे त्यांनी पडल्यापडल्या ऐकलं.

गुरुवारी त्यांनी सकाळी सातलाच चौकीदाराकडून किल्ली घेतली. सेट तापवला, सुई लाल खुणेवर आणली आणि सेटसमोर स्टूल टाकून बसले. चहाला उठले नाहीत. चिन्मय दोनदा दारापर्यंत आला.

"काका, मला पाच मिनिटं सेट बघू द्याल का? कमिटीच्या आधी?"

"नक्को."

"अहो, महत्त्वाचं आहे."

"मलाही," एकनाथराव म्हणाले.

अकरा वाजता कमिटी आली. तिघंजण होते. अध्यक्ष अरविंद दाणी मूळचे नागपूरचे निघाले, त्यामुळं सगळं मराठीतच झालं. टेबलावर विमलबाईंचा मिक्सर होताच, कमिटीला तोही चालला. आधी नव्या सेटवर लावला, चोपन्न. मग सगळे बूट घालून एकनाथरावांच्या खोलीत आले. जुन्या सेटवर लावला. सुई थरथरली आणि अठ्ठावन्नवर थांबली.

"चारचा फरक," दाणीसाहेब म्हणाले. "वाईट वाटतं हो. यंत्र देखणं आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं. दाराशी ख्वाजा मियाँनी टोपी नीट केली.

एकनाथरावांना ते पेन आपल्याच नावावर चाललंय असं वाटलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ते साहेबांसमोर मोठ्यानं बोलले.

"साहेब, लिहू नका. माझ्या सेटमध्ये खोट नाही. हा मुलगा आठ दिवस माझ्या पाठीमागं येऊन सुई खाली ओढतोय. मागं बघा, स्क्रूवर नेलपॉलिश आहे. माझ्या घरची."

लक्ष्मणरावांनी छताकडं पाहिलं. चिन्मयचे कान लाल झाले होते.

"खरं आहे का हे?" दाणीसाहेबांनी विचारलं.

"हो सर. म्हणजे, मी रोज संध्याकाळी सुई चाळीसवर आणत होतो. जर्मन पुस्तकात तसं लिहिलंय. लाल खूण चाळीसच्या आकड्यावर. मी कॉलेजात जर्मन शिकलोय. पण रोज बघावं तर सुई पुन्हा चव्वेचाळीसवर. मला वाटलं, दिवसा तापून सरकतेय. काकांना सांगितलं असतं, पण काका माझ्याशी..." तो थांबला. "मला सेट राहायला हवा होता, सर. असा सेट आता कुठं बघायला मिळतो?"

"पण लाल खूण तर चव्वेचाळीसवर आहे," दाणीसाहेब डायलजवळ चष्मा नेत म्हणाले. "मला दिसतेय."

"काच काढून बघू का?"

चिन्मयनं चार स्क्रू काढले आणि डायलवरची काच बाजूला केली. खुणेवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्यानं बोटाकडं पाहिलं, नाकाजवळ नेलं आणि मग हळूच एकनाथरावांकडं पाहिलं.

एकनाथरावांनी तो रंग ओळखला. न ओळखायला काय झालं, दर दसऱ्याला त्यांनीच वाटीत कालवला होता. लाल खुणेवरच देवाचा हात असावा म्हणून ते डायलच्या काचेवर नेमानं तिथंच कुंकू लावत. पहिल्या वर्षी हात जरा उजवीकडं गेला असणार आणि ओलं कुंकू काचेच्या फटीतून आत उतरलं असणार. पुढं दरवर्षी लाल दिसेल तिथंच त्यांनी लाल लावलं. खिडकीच्या उन्हानं जर्मनांची खूण विटत गेली आणि एकनाथरावांची भरत गेली. आता काच निघाल्यावर ती खरी खूण दिसत होती. चाळीसवर, फिक्की, केसाएवढी.

म्हणजे बावीस वर्षं सेट चार डेसिबल जास्त दाखवत होता. म्हणजे परत गेलेले ते मिक्सर... 'कडक साब' कडक नव्हतेच, कुंकू कडक होतं.

त्यांनी डोळे मिटले. आता हा पोरगा बोट वर करून सगळ्यांना दाखवणार. का दाखवू नये? आपण तरी काय बाकी ठेवलं होतं?

"सर," चिन्मयचा आवाज आला, "चूक माझी आहे. मी आठ दिवस सेटशी खेळलो आणि त्यात खुणेची गडबड झाली. काकांचा सेट चांगला होता, माझ्या हातून बिघडला. मला दोन मिनिटं द्या." त्यानं बोट रुमालाला पुसलं, रुमाल खिशात घातला, बटण दाबलं, मागं हात घालून सुई चाळीसवर येईपर्यंत स्क्रू फिरवला आणि मिक्सर पुन्हा लावला.

सुई चोपन्नवर थांबली.

"वा," दाणीसाहेब म्हणाले. "एकोणसाठ सालचा सेट आणि काट्याला काटा. हा ठेवायलाच पाहिजे." ख्वाजा मियाँ कबाड्याला निरोप द्यायला निघून गेले.

एकनाथरावांनी डोळे उघडले. सेट वाचला होता. आपला दरारा शाबूत होता. चिन्मयला मेमो मिळणार होता. देवानं मागितलं त्याहून जास्त दिलं होतं, आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

तेवढ्यात दाणीसाहेबांनी चिन्मयच्या खांद्यावर हात ठेवला. "आपटे, नियम मोडलात, तेव्हा रिपोर्टमध्ये लिहावं तर लागेल. पण चार लोकांत आपण होऊन चूक मान्य करायला छाती लागते."

"फार मोठं मन आहे हो मुलाचं," लक्ष्मणराव म्हणाले. "माझ्या मिसेसला सांगतो आज. ती विमलवहिनींना भेटणारच आहे."

झालं. एकनाथरावांच्या अंगाची लाही लाही झाली. हा आता थोर ठरणार. आणि घरी जन्मभर ऐकायला लागणार, की त्या लेकरानं केवढं केलं, केवढं सोसलं. तूप त्याच्याच भातावर, पोळी त्याचीच. सगळं घेतलं यानं, आणि आता माझी चूकसुद्धा माझ्या हातातून काढून घेतोय.

"साहेब," एकनाथराव म्हणाले, "हा खोटं बोलतोय. चूक माझी आहे."

"काका, राहू द्या ना," चिन्मय कुजबुजला.

"तू गप रे. याच्या खिशातला रुमाल बघा साहेब. कुंकू आहे त्याला. मी लावलेलं. बावीस वर्षं मी कुंकवावर सुई लावतोय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दसरा, वाटी, फट, ऊन, सगळं. दाणीसाहेबांनी ओल्या कापसाचा बोळा डायलवर फिरवला. चव्वेचाळीसवरची खूण कापसावर आली आणि चाळीसवरची जागच्या जागी राहिली. एका सदस्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

"म्हणजे बावीस वर्षं तुम्ही कारखानदारांशी चार डेसिबल जास्त कडक वागलात," दाणीसाहेब शेवटी म्हणाले. "कुणाच्या रेडिओचं त्यात वाईट झालं नाही. कारखानदारांनी देवाची मर्जी म्हणून सोडून द्यावं. सेट राहील. लिहितो, चूक, देगलूरकर आणि आपटे यांची संयुक्त."

"संयुक्त कशी?" एकनाथराव पुढं सरकले. "याची आठ दिवसांची आहे, आणि ती चूकही नाही, तो बरोबर लावत होता. माझी बावीस वर्षांची आहे. एकट्याची. याचं नाव काढा साहेब."

"देगलूरकर, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय मागताय?" लक्ष्मणरावांनी कळवळून विचारलं.

"हौ साहेब, कळतंय."

दाणीसाहेबांनी चिन्मयचं नाव खोडलं. एकनाथरावांना कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. चिन्मयला रिपोर्ट टाइप करायला थांबावं लागलं आणि ते मिक्सर घेऊन चार वाजताच घरी निघाले. लक्ष्मणरावांच्या मिसेसच्या आधी पोचायला हवं होतं. वाटेत बसमध्ये त्यांनी वाक्यं जुळवली.

विमलबाई कणीक मळत होत्या. एकनाथरावांनी मिक्सर ओट्यावर ठेवला आणि पाटावर बसले.

"आज मी सगळ्या कमिटीसमोर माझी बावीस वर्षांची चूक कबूल केली. आपण होऊन."

"कुणी विचारलं होतं का?"

"नाही. तेच तर."

"मग कशाला केलीत? रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली. गप बसता येत नव्हतं?"

बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांत हा प्रश्न नव्हता. "तसं कसं गप बसणार? ती चूक दुसऱ्याच्या डोक्यावर जात होती."

"कुणाच्या?"

एकनाथरावांना इथं पहिल्यांदा धोका दिसला. आपल्या मोठेपणाची गोष्ट सांगायची तर त्या माणसाला मधून वगळता येत नव्हतं. "असाच एक... स्टाफमधला."

"चिन्मयच्या?" विमलबाईंचे हात थांबले. "तुम्ही घातलीत त्याच्या डोक्यावर?"

"मी कशाला घालू? त्यानंच घेतली. म्हणाला, माझ्या हातून झालं. माझं नाव खराब होऊ नये म्हणून," एकनाथराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की आता इथून पुढं काही बोलून उपयोग नाही.

विमलबाईंनी पदरानं डोळे टिपले. गालाला कणीक लागली.

"बघा," त्या म्हणाल्या. "आज येऊन चार महिने झाले त्या लेकराला. तुमच्यासाठी नोकरी पणाला लावली त्यानं. आणि एक शब्द बोलायला तुम्हाला बावीस वर्षं लागली."

"अहो, पण शेवटी मी..."

खाली स्कूटर थांबली.

"आला बघा. माझे हात पिठाचे आहेत, दार उघडा," विमलबाई म्हणाल्या. "आणि नुसते उघडून उभे राहू नका, आत ये म्हणा त्याला."

एकनाथराव उठले, दार उघडलं आणि आत ये म्हणाले.